तेवीस पन्नासचं गॅस्केट

काउंटरवर बसायला लागल्यापासून मी हजारो लहानमोठ्या वस्तू लोकांच्या हातात ठेवल्या असतील. त्यातली एकच अशी आहे, की ती ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली ते पान शेतीचं होतं, हेही मला आठवतं. ती वस्तू म्हणजे एका जुन्या जीपचं हेड गॅस्केट. ते दिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या जीपमध्ये अकरा बायका बसलेल्या होत्या, आणि गाडी पसरणीच्या घाटाकडे निघाली होती.

हे सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगायला हवा.

आमचं दुकान साताऱ्यात आहे. जीपचे सुटे भाग, तेही जुन्या जीपचे. नव्या गाड्यांना लोक आता जीप म्हणत नाहीत आणि आमच्याकडे येतही नाहीत. आमच्याकडे येतात ते माणचे, खटावचे, कोरेगावचे लोक, ज्यांच्या गाड्या त्यांच्या मुलांपेक्षा वयानं मोठ्या आहेत. गिऱ्हाईक पायरीवर चप्पल काढतं आणि म्हणतं, "पाचशे चाळीसचा पाणीपंप द्या."

बाहेरच्या माणसाला वाटेल, इंजिन पाचशे चाळीसचं असणार. तसं नसतं. तो आकडा गाडीच्या बाजूवर लिहिलेला असतो, ते गाडीचं नाव. तो कुठून आला हे मला आजपर्यंत कोणी खात्रीनं सांगितलेलं नाही. इंजिनाचा आकडा निराळा. चारही सिलिंडरांत पिस्टन खालून वर येताना जेवढी जागा झाडून काढतो, त्याची बेरीज म्हणजे इंजिनाची सीसी. ती कधी गोल येत नाही, म्हणून गोल करून सांगतात. तेवीसशे आणि वर चाळीस-पंचेचाळीस भरलं तर तेवीस पन्नास. पंचवीसशेला दोन कमी असलं तरी पंचवीसशे आणि वीस-बावीस जास्त असलं तरी पंचवीसशेच. त्यामुळे पंचवीसशे नावाची दोन इंजिनं आमच्या रस्त्यांवर धावतात आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याला लागत नाही.

त्यातून आमच्याकडच्या गाड्या. मूळ पेट्रोलचं इंजिन कधीच काढून टाकलेलं, जागी डिझेलचं बसवलेलं. आरसी बुकात एक, बाजूवर दुसरं, बॉनेटखाली तिसरं. माणमधले एक निवृत्त सुभेदार आपल्या इंजिनाला 'चार गड्यांचं' म्हणत. ते उचलून गाडीत ठेवायला चार माणसं लागली होती म्हणून. शेजाऱ्याचं 'सहा गड्यांचं' होतं. हे माप आमच्याकडच्या बाकी सगळ्या मापांपेक्षा जास्त प्रामाणिक होतं असं मला वाटतं.

पाचगणीला बंगला असलेले एक गृहस्थ होते. हौसेनं जुनी जीप विकत घेतलेली, तिचं मूळ पुस्तक परदेशातून मागवून त्याला बाइंडिंग करून घेतलेलं. ते दुकानात पुस्तक उघडून बसत. त्यांच्या पुस्तकाप्रमाणे इंजिन बावीसशेचं होतं आणि आमचे पिस्टन बसत नव्हते. माझे यजमान अनंत यांनी त्यांच्या हातात व्हर्नियर दिला आणि बोअर मोजायला लावला. बोअर म्हणजे पिस्टन ज्या गोल भोकात वरखाली होतो, त्याची रुंदी; भोक झिजलं की आत नवी नळी बसवतात, ती लायनर. त्यांनी तीनदा मोजली. मग हळूच विचारलं, "म्हणजे पुस्तक चुकीचं आहे?"

"पुस्तक बरोबर आहे," अनंत म्हणाले. "तुमच्या गाडीनं ते वाचलेलं नाही."

मी तेव्हा मागच्या खुर्चीत बसून वाचत असे. शाळेतल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी दुपारी दुकानात जायला लागले, ते सोबत म्हणून. कधी कागद लिही, कधी फोन घे. माझ्या हाताला सवय होती ती पुस्तकाच्या कण्यावरचा आकडा वाचून पुस्तक योग्य फळीवर लावण्याची. ग्रंथालयात आकडा खोटं बोलत नाही. तिथं आकडा हेच त्या पुस्तकाचं घर असतं. इथं तसं नाही, हे मला कळत होतं, पण कळणं आणि अंगात भिनणं यात फरक असतो.

अनंतचा एक नियम होता. हेड गॅस्केट नावावर द्यायचं नाही. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. झाकण आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये पत्र्याचं एक पान असतं, त्याला चार मोठी भोकं, भोवती पाण्याची, तेलाची, बोल्टांची. प्रत्येक मोठ्या भोकाला धातूची कड दुमडलेली असते. सिलिंडरातली आग ती कड आत अडवून धरते. जुनं गॅस्केट आणायचं, काउंटरवर नव्यावर ठेवायचं, भोकं जुळली तरच न्यायचं. जुनं नसेल तर बोअर मोजून आणायचा. मोजणार नसाल तर चहा घ्या आणि परत जा. गिऱ्हाइकं चिडत. अनंत चहा सांगत.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात अनंत गेले. आजार वर्षभर चालला होता, त्यामुळे लोक म्हणाले, सुटले. मला तो शब्द अजून लिहिता येतो, बोलता येत नाही. दुकान बंद करावं असं मुलीनं सुचवलं. मी महिनाभरानं कुलूप उघडलं, ते काही ठरवून नाही. घरात बसलं की पुस्तकाचं एकही पान पुढं सरकत नव्हतं, आणि दुकानात निदान माणसं येत होती.

येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या मागे बघायचा. मागे खुर्ची होती. मग विचारायचा, "आता कोन बसतंय?" मी म्हणायची, मी. यावर जी शांतता पसरायची ती मी सहा महिने ऐकली.

त्याच वर्षीचा भाद्रपद संपत आला होता. दहिवडीच्या बबन मिस्त्रींचा फोन आला. तीस वर्षं आमच्याकडून माल नेणारा माणूस, हाताला चांगला, तोंडाला फटकळ.

"वहिनी, संपतची पाचशे चाळीस उगडलीया. हेड गॅस्केट पायजे. दुपारच्या यष्टीत कंडक्टरकडं द्या."

"जुनं पाठवा की आधी."

"जुन्याच्या चिंध्या झाल्यात. हेड काडताना चिकटून फाटलं, कवाच भट्टीत गेलं."

"मग बोअर मोजून सांगा."

पलीकडून उसासा आला. "आवं वहिनी, परवा गाडी पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या लावणीला बायका घिऊन जायाचीय. मी आता मापं काडत बसू? शेट असतं तर नुसतं 'संपतची गाडी' म्हटलं की गॅस्केट यष्टीत बसलं असतं. त्येंच्या डोक्यात समदं हुतं. तुमाला जमत नसंल तर तसं सांगा, मी कराडला फोन लावतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण मला ते लागलं. मी म्हटलं, थांबा.

अनंतची एक वही होती. गिऱ्हाइकाचं नाव, गाडी, इंजिन. संपतच्या नावापुढे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, २३५०. आमच्याकडे त्याच्या आरसीची झेरॉक्स होती, तीत तेच. बबन मिस्त्रींना ब्लॉकवरचा ओतीव आकडा वाचायला सांगितला. त्यांनी अंगठ्यानं ग्रीस पुसून वाचला. तोही तेवीस पन्नासचाच.

तीन ठिकाणी एकच आकडा. ग्रंथपालाला आणखी काय हवं असतं? मी तेवीस पन्नासचं गॅस्केट काढलं, शेतीच्या पानात गुंडाळलं, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून बांधलं आणि स्टँडवर जाऊन दहिवडीच्या कंडक्टरकडे दिलं. परत येताना मला बरं वाटत होतं. अनंत गेल्यापासून पहिल्यांदाच मी कोणाला 'आहे' म्हटलं होतं आणि 'विचारून सांगते' म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बबन मिस्त्रींचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा क्लच हवा होता. बोलता बोलता म्हणाले, "आन संपतचं काम झालं बरं का. गेली गाडी सकाळीच. एक नंबर चालतीया."

"बसलं ना नीट?"

"बसलं की. जरा भोकं आत येत हुती, चारीबी. कानशीनं कड घासून काडली. चकाचक."

मी खुर्चीवरून उठले होते हे मला नंतर कळलं.

"कड घासली? चारही?"

"जरा जरा वं. सूतभर बी न्हाई, प्रत्येक बाजूला अर्धं सूत असंल. कदी कदी माल तसा येतो."

माल तसा येत नाही. आमच्या धंद्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. तेवीस पन्नासचा बोअर तीन इंच तीन सूत. त्याच घराण्यातल्या पंचवीसशेचा साडेतीन इंच, म्हणजे तीन इंच चार सूत. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळ्या भावांसारखी, बोल्ट त्याच जागी, पाण्याची भोकं त्याच जागी. फरक असतो तो फक्त एका सुताचा. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं. बबन मिस्त्रींनी घासलं ते बरोबर तेवढंच. म्हणजे संपतच्या तेवीस पन्नासच्या ब्लॉकमध्ये पंचवीसशेचा बोअर होता. आणि आग अडवून धरणारी कड त्यांनी कानशीनं काढून टाकली होती.

असं गॅस्केट सपाट रस्त्यावर चालतं. कदाचित आठवडाभर चालेल. पण भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढायला लागली, की सिलिंडरातला दाब वाढतो आणि उघडी पडलेली पानाची कड जळायला लागते. मग आग पाण्यात शिरते, पाणी आगीत. गाडी वळणावर बंद पडते. अनंतनी मला एकदा सांगितलं होतं, की घाटात बंद पडलेली जुनी जीप धरून ठेवणं तिच्या हँडब्रेकच्या बसचं नसतं. मागे माणसं असली तर ती उड्या मारतात, आणि माणसं बहुतेक दरीच्या बाजूला उडी मारतात, कारण दुसऱ्या बाजूनं गाड्या येत असतात.

संपतचा फोन लावला. वाजत राहिला. चालत्या जीपमध्ये फोन ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. तरी पाच वेळा लावला. बबन मिस्त्रींना म्हटलं तुम्हीही लावत राहा, उचलला तर गाडी आहे तिथं थांबवा. त्यांनी 'लावतो' म्हटलं. मग म्हणाले, "पर तीन ठिकानी तेवीस पन्नास हुतं, वहिनी."

"हो," मी म्हटलं. "तीन ठिकाणी होतं."

आता मला खात्री हवी होती, कारण गाडी गाठली तरी हातात योग्य गॅस्केट असायला हवं. या भागातले ब्लॉक बोअर करायला, म्हणजे त्यांची भोकं कातून मोठी करायला, सांगलीला जातात. तिथं इस्माईलभाई म्हणून जुने मशीनवाले आहेत, त्यांच्याकडे अनंतचं काम असे. मी त्यांना फोन लावला. मागे लेथचा आवाज इतका होता, की संपतचं नाव दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग आवाज थांबला. त्यांनी मशीन बंद केलं असावं.

"व्हय भाभी, आल्तं त्ये ब्लॉक. दीड वर्स झालं असंल. तेवीस पन्नासचं लायनर कुटं गावंना, तवा अनंतशेटच म्हनले, इस्माईल, फोडून मोटं कर, पंचवीसशेचं लायनर घाल. मीच घाटलं. पिस्टनबी पंचवीसशेचं, तुमच्याच दुकानातनं आलं." थोडं थांबून म्हणाले, "शेटनी लिवलं नव्हतं का?"

शेटनी लिहिलं नव्हतं. त्या दिवसाच्या दीड वर्ष आधी म्हणजे मिरजेच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा. सकाळी तपासण्या, दुपारी मला बाकावर बसवून ते 'सांगलीत एक काम आहे' म्हणून गेले होते. काम हे होतं. परत आले आणि संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. त्यानंतर त्यांनी बरंच काही लिहायचं सोडून दिलं.

मी पंचवीसशेचं गॅस्केट घेतलं, व्हर्नियर पिशवीत टाकला, शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

सातारा ते वाई मी याआधी स्कूटरनं कधी गेले नव्हते. हायवेवर ट्रक शेजारून गेला की गॅस्केटची पिशवी हलायची, म्हणून ती पायात धरली होती. पाचवडच्या फाट्यापर्यंत मी प्रत्येक जुन्या जीपकडे बघत होते. सगळा वेळ मला अनंतचा राग येत होता. एक ओळ. एक ओळ लिहायची होती. गेलेल्या माणसावर रागवायला मोकळा रस्ता आणि हेल्मेट यांच्यासारखी सोय नाही, कोणाला ऐकू जात नाही. पण वाईच्या अलीकडे रागही पुरेनासा झाला. वहीत नसेल, पण नियम तर होता. तो मला माहीत होता. मी तो बाजूला ठेवला, कारण मला जमतं हे एका मिस्त्रीला दाखवायचं होतं.

गाडी वाईतून बाहेर पडून घाटाच्या पायथ्याला उभी होती. वडाच्या सावलीत बायका भाकरी खात बसल्या होत्या. टपावर बोचकी, चुली, घमेली बांधलेली, दहा दिवसांचा मुक्काम होता. संपत बाटलीनं रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. पस्तिशीचा, शांत, मला ओळखत होता. मला बघून बाटली हातातच राहिली.

"काकू, तुमी हितं?"

"पाणी कितीदा घातलंस?"

"साताऱ्यात एकदा, हितं एकदा. जरा पानी पितीया. नवं काम हाय, मुरंल."

"संपत, ही गाडी वर नेऊ नकोस."

त्यानं हसून बायकांकडे बघितलं. तेवढ्यात त्यांच्यातली एक उठली. पन्नाशीच्या पुढची, उंच, पदर खोचलेला. ही हिराबाई, त्या टोळीची मुकादम. कोणत्या बाईला कुठल्या शेतात किती दिवस हे तीच ठरवते, आणि मालकाशी बोलते तीही तीच.

"काय झालं?" तिनं संपतला विचारलं, मला नाही.

मी सांगितलं. म्हणजे सांगायला लागले. इंजिनात पाणी जातंय, गॅस्केट टिकायचं नाही, घाटात गाडी बंद पडेल, तुम्ही सगळ्या बसनं जा. मी नीट, मुद्देसूद बोलत होते, आणि बोलताना मला जाणवत होतं, की मी गाडीबद्दल बोलतेय, इंजिनाबद्दल, मिस्त्रीच्या कानशीबद्दल.

"यष्टीत येवडी बोचकी कोन घेतंय?" हिराबाई म्हणाली. "आन वर मालकाची रोपं उनात पडल्यात. बारा वाजूस्तोर न्हाई पोचलो तर त्यो दुसरी टोळी बलवील. दोन फोन आलं त्येचं. दहा दिसाचं काम हाय, बाई."

"गाडी बंद पडली तर..."

"बंद पडली तर ढकलू. आमी काय पयल्यांदा बसतोय व्हय जीपात?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "संपत, चल रं. ह्यांचं आयकत बसलो तर दिस जाईल." संपतनं कॅप लावली. दोघी-तिघी उठून मागच्या बाजूनं चढायला लागल्या. त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं, चांगलं लागलं, ऐकणाऱ्याला काही खोट वाटू नये असं. मागे धूर पांढरा येत होता. पांढरा धूर म्हणजे पाणी, हे मला माहीत होतं. त्यांना तो धूरच होता.

मी बॉनेटवर हात ठेवला. एवढंच सुचलं.

"काकू, हात काडा," संपत म्हणाला.

"माझं चुकलंय," मी म्हटलं.

इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नसावं. हिराबाईला गेलं. तिनं हात वर केला, त्यानं इंजिन बंद केलं.

"काय म्हनला?"

"गॅस्केट मी दिलं. चुकीचं दिलं. आमच्याकडे मोजल्याशिवाय देत नाहीत. माझ्या नवऱ्यानं कधी दिलं नाही. मी न मोजता दिलं. हे इंजिन नावाचं तेवीस पन्नास आहे, आतून मोठं आहे. आज सकाळी कळलं. मिस्त्रींनी ते बसवण्यासाठी घासलं, त्यांचा दोष नाही, मी बरोबर दिलं असतं तर घासावं लागलं नसतं."

हिराबाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मगाधरनं गाडीला का नावं ठिवत हुता?"

मी बॉनेटवरचा हात काढला.

ती मागे वळली आणि साध्या आवाजात म्हणाली, "उतरा गं."

त्या उतरल्या. मी इतका वेळ जे सांगून थकले ते दोन शब्दांत झालं. एकीनं कुरकूर केली, तिला हिराबाई म्हणाली, "सातारवरनं येकटी बाई स्कूटर घिऊन आपली चूक सांगाय आली. कोन येतंय असं? उतर." वाईहून येणाऱ्या पाचगणीच्या बसला हात केला. दहा जणी पिशव्या घेऊन चढल्या, बोचकी जीपवरच राहिली. हिराबाईनं मालकाला फोन लावला, बायका यष्टीनं येत्यात, मी सामान घिऊन मागनं येती, रोपांवर पानी मारा, एवढं बोलून ठेवून दिला.

पायथ्याजवळच एक गॅरेज होतं. तिथल्या माणसानं जागा आणि पाने दिले, हात मात्र संपतचेच. गरम इंजिन लगेच उघडत नाहीत, हेड वाकडं होतं. तासभर आम्ही तिघं फळीवर बसून त्या बॉनेटकडे बघत होतो. हिराबाईनं तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी मला दिली. विचारलं, "मालक कवा गेलं?"

"चैत्रात."

"माजं बी दुकान असतं तर मीबी चुकली असती," ती म्हणाली. "मला नांगुर धराय येत नव्हता. येका वर्सात आला."

हेड उचललं तेव्हा संपतनं आधी बघितलं आणि बाजूला झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली कड काळी पडली होती. एका जागी करंगळीच्या नखाएवढा तुकडा जळून गेला होता, आणि पुढची रेघ पाण्याच्या भोकाकडे निघाली होती. साताऱ्यापासून इथपर्यंत सपाट रस्त्यावर एवढं झालं होतं. घाट अजून लागायचा होता.

हिराबाईनं ते पान हातात घेतलं, उजेडात धरलं. "ह्ये तुमी दिल्यालं?"

"हो."

"आन आता आनलंय, त्येबी तुमीच?"

"हो."

"मग ह्येचा भरवसा काय?"

मी व्हर्नियर काढला. चारही बोअर मोजले, प्रत्येक दोन दिशांनी, आणि आकडा मोठ्यानं वाचला. साडेतीन इंच, झिजेमुळे किंचित जास्त. मग नवं गॅस्केट ब्लॉकवर ठेवलं आणि बाजूला सरकले. हिराबाई वाकली. तिनं बोट घातलं आणि पहिल्या भोकाच्या कडेनं आतून गोल फिरवलं. कुठं टोचत नाही ना, कुठं आत येत नाही ना, असं सावकाश. मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याला जास्त वेळ लावला. चौथं झाल्यावर बोट पदराला पुसलं आणि संपतला म्हणाली, "लाव."

बोल्ट आवळून, पाणी भरून, इंजिन चालवून बघेपर्यंत तीन वाजून गेले. धूर स्वच्छ होता. मी पिशवी उचलली. स्कूटर गॅरेजच्या दारात होती.

हिराबाई मागच्या बाकावर बोचक्यांत चढून बसली होती. तिथून म्हणाली, "काय वं, तुमी कुटं निगाला?"

"साताऱ्याला."

"गाडी बरी झाली न्हवं?"

"झाली."

"मग बसा की फुडं. घाट चढूस्तोर."

तिच्या आवाजात ना टोमणा होता ना आर्जव. संपत स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी पुढच्या सीटवर बसले.

पसरणीचा घाट मी शेकडो वेळा चढले आहे, खिडकीतून बघत. त्या दिवशी मी रस्ता बघितलाच नाही. समोर तापमानाचा लहानसा काटा होता, काच तडकलेली, आणि त्याच्या खाली माझे दोन्ही हात. पहिल्या वळणाला संपतनं दुसरा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज जाड झाला. काटा हलला, अर्ध्यावर आला. मागे एक घमेलं पत्र्यावर वाजत होतं. बाजूला कठडा, कठड्याखाली वाई आणि नदीचं वळण, तेही मी बघितलं नाही. एका अवघड वळणावर वरून बस आली आणि संपतला थांबावं लागलं. चढावर, भरलेली गाडी, ब्रेकवर पाय. बस गेली. त्यानं क्लच सोडला, गाडी हातभर मागे आली आणि मग वर निघाली. मागे हिराबाई खोकली. काटा अर्ध्याच्या किंचित वर जाऊन तिथंच थांबला. माझ्या लक्षात आलं, की मीही श्वास तिथंच थांबवून बसलेय.

वर पोचल्यावर संपतनं गाडी शेताच्या बांधाला लावली. थोड्या वेळानं फडकं धरून कॅप फिरवली, आत बघितलं. पाणी होतं तेवढंच होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कॅप परत लावली.

खाली सऱ्यांमध्ये बायका ओळीनं वाकल्या होत्या, अर्धं रान लावून झालं होतं. मालक बांधावरून आला. तरुण, डोक्यावर टोपी, वैतागलेला.

"मुकादमीणबाई, आत्ता? बारा म्हणाला होता."

"गाडीचं काम निगालं," हिराबाई बोचकं उतरवत म्हणाली.

त्यानं जीपकडे एक नजर टाकली. "हे असलं भंगार घेऊन घाट चढता. पुढच्या वेळी ही गाडी आणू नका माझ्याकडे."

संपतनं मान खाली घातली आणि दोर सोडायला लागला. हिराबाईनं दुसरं बोचकं ओढलं. तिला आणखी नऊ दिवस या माणसाकडे काढायचे होते. मला तिथं कोणी ओळखत नव्हतं, कोणी काही विचारलंही नव्हतं.

"गाडी चांगली आहे," मी म्हटलं. "सुटा भाग मी चुकीचा दिला होता. माझं साताऱ्यात दुकान आहे."

मालक माझ्याकडे, मग हिराबाईकडे बघायला लागला.

"झालं की आता," हिराबाई मला म्हणाली. "किती येळा सांगनार?" आणि रोपांचा ट्रे उचलून ती सरीत उतरली.